एकास पंचवीस मापाची डोरिस आणि इतर मालमत्ता

मी, रेलीन जॉय पॅस्को, वय वर्षे सत्तावन्न, धान्यकोठारावरच्या वजनकाट्याची कारकून, अविवाहित, राहणार पोर्ट ऑगस्टा, दक्षिण ऑस्ट्रेलिया, हे मृत्युपत्र स्वतःच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर, स्वतःच्या पेनने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. पुरावा म्हणून सांगते की गेल्या आठवड्यात मी बावीस तुकड्यांचा एक गिअरबॉक्स जोडला, तो माझ्या अंगठ्याच्या नखाएवढा आहे आणि एकही तुकडा उरलेला नाही. हात स्थिर आहे. नजर चष्म्यासह ठीक आहे. डावे फुप्फुस तेवढे बिघडले आहे, पण लिहायला फुप्फुस लागत नाही. माझ्यावर कोणी दडपण आणलेले नाही. दडपण आणायला घरात दुसरे माणूस असावे लागते.

वकीलबाई मिस हार्टनेट यांनी मला छापील नमुना पाठवला होता, रिकाम्या जागा भरा अशा पद्धतीचा. मी त्यांना फोन केला.

"मृत्युपत्रात मतं लिहू नका," त्या म्हणाल्या. "मालमत्ता लिहा."

"मतं सोडली तर माझ्याकडे फारशी मालमत्ता नाही," मी म्हणाले.

त्यांनी उसासा टाकला आणि म्हणाल्या, "मग निदान कलमांना आकडे तरी घाला." ते घातले आहेत.

१. यापूर्वी लिहिलेली दोन्ही मृत्युपत्रे मी रद्द करते. पहिले २०१३ सालचे. त्यात सगळे काही भावाला दिले होते आणि त्याच्याविषयी तीन ओळी चांगल्या लिहिल्या होत्या. दुसरे २०१४ च्या जुलैतले. त्यात त्याला काहीही दिले नव्हते आणि त्याच्याविषयी दोन पाने लिहिली होती. काल दोन्ही वाचून पाहिली. पहिल्यात मी भोळी दिसते, दुसऱ्यात चांगली लेखिका दिसते. दोन्ही नकोत.

२. हे आत्ताच का, तर नऊ सप्टेंबरला ॲडलेडच्या इस्पितळात माझ्या फुप्फुसाचा एक तुकडा काढणार आहेत. तीस वर्षे मी मागच्या शेडमध्ये दार लावून, तोंडाला काही न बांधता ट्रकांच्या छोट्या प्रतिकृतींवर रंग फवारत आले. डॉक्टर म्हणाले, नेमके कारण सांगता येत नाही. मला सांगता आले असते, पण ते पुढच्या पानावर गेले होते. त्या पानावर 'जवळचा नातेवाईक' अशी एक ओळ आहे. ती मी तीन आठवडे रिकामी ठेवली आहे. खरे सांगायचे तर हे सगळे लिखाण त्या एका ओळीसाठी चालले आहे. माझा थोरला भाऊ ट्रेव्हर माझ्याशी अकरा वर्षे बोललेला नाही, आणि मी जिवंत असताना तो बोलेल की नाही हे मला कळायला हवे आहे. बाकीची कलमे सोबतीला.

३. घर. खाडीच्या बाजूचे पत्र्याच्या छपराचे घर, जे आई डोरिस मे पॅस्को हिच्याकडून मला आले, ते मी ट्रेव्हर अर्नेस्ट पॅस्को, राहणार ____________, सेडुना, याला देते. पत्ता मला माहीत नाही. गावाचे नाव तेवढे ऐकून आहे. जागा सोडली आहे, नंतर भरते.

घराविषयी सूचना: मागचे दार लाथ मारल्याशिवाय उघडत नाही. ट्रेव्हरला हे माहीत आहे. १९७९ साली त्यानेच ते बिघडवले आणि नाव माझे सांगितले. शेडमधला विजेचा मोठा दिवा लावायच्या आधी पंखा बंद करावा, नाहीतर दोन्ही जातात.

अट: घर ताब्यात घेण्यापूर्वी ट्रेव्हरने शेडमधल्या काचपेटीसमोर दहा मिनिटे उभे राहावे आणि आतला ट्रक नीट पाहावा. मिस हार्टनेट म्हणतात की ही अट कोर्टात टिकणार नाही, दहा मिनिटे कोण मोजणार. मी म्हणाले, मी वजनकाट्यावर एकोणतीस वर्षे आहे, मोजणारा माणूस मी नेमून देते. त्यावर त्यांचे दुसरे अशील आले.

४. बँकेत जे शिल्लक असेल ते आणि माझी पांढरी गाडी मी माझी शेजारीण मारिसेल बौतिस्ता हिला देते. ही इस्पितळात परिचारिका आहे, मूळची फिलिपिन्सची. गेली सहा वर्षे हिने मला आठवड्यातून दोनदा सूप दिले आहे आणि प्रत्येक वेळी तेच विचारले आहे.

"ताई, पुन्हा तो वास?"

"रंगाचा आहे."

"रंगाचा आहे हे मला कळतंय. खिडकी का उघडत नाहीस?"

"धूळ येते. ओल्या रंगावर धूळ बसली की सगळा दरवाजा पुन्हा घासावा लागतो."

"दरवाजा केवढा?"

मी बोटांनी दाखवला. ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "सूप गरम आहे तोवर पी," आणि जाताना खिडकी उघडून गेली. गाडीचा क्लच जड आहे, तिने सांभाळून वापरावा.

५. न उघडलेली किटे. शेडच्या फळ्यांवर घरी जोडायच्या छोट्या ट्रक, गाड्या आणि ट्रेलर यांच्या सुट्या भागांची एकूण दोनशे चौदा खोकी आहेत. सगळी प्लास्टिकच्या वेष्टनात, जशी आली तशी. माझा जोडण्याचा वेग वर्षाला तीन. म्हणजे ही सगळी पुरी करायची तर मला एकशे अठ्ठावीस वर्षांची व्हावे लागेल, आणि तेही आजपासून नवे खोके न घेता, जे मला कधी जमले नाही. हा रोग आमच्या, छोटे ट्रक जोडणाऱ्यांच्या, क्लबातल्या प्रत्येकाला आहे. आम्ही किटे जोडण्यासाठी घेत नाही; जोडू शकणारा माणूस अजून आपल्यात शिल्लक आहे एवढे स्वतःला पटवण्यासाठी घेतो.

आमच्यात कोणी गेले की क्लबाची माणसे सांत्वनाला येतात, बिस्किट घेतात, आणि तिसऱ्या बिस्किटाला कोणीतरी विचारतो, "शेडचं काय करणार आहात?" मीही विचारले आहे. बिल ऑस्टिकच्या बायकोला मी दुसऱ्याच बिस्किटाला विचारले होते. त्याची मला लाज वाटते, पण मिळालेले टँकरचे किट चांगले निघाले. म्हणून ठरवून टाकते: खोकी क्लबाने घ्यावी, चिठ्ठ्या टाकून वाटावी, आणि ज्याला जे मिळेल त्याने वर्षाच्या आत ते उघडून जोडावे. फळीवर ठेवले तर परत घ्यावे. या अटीने निम्मी खोकी कोणीच घेणार नाही याची मला कल्पना आहे.

६. हत्यारे. रंग फवारायचे दोन्ही एअरब्रश, छोटा लेथ, कानशींचा संच, चिमटे आणि सुट्या भागांचे छत्तीस खण हे गावातल्या लायब्ररीला, तिथे दर शनिवारी हस्तकलेचा वर्ग भरतो त्यासाठी. नव्या शिकणाऱ्यांना एक सांगावे: काचेला झटपट गोंद लावू नये. वाफेने काच आतून पांढरी होते आणि ती पुन्हा कधीच साफ होत नाही. माझ्या पहिल्या अकरा ट्रकांचे ड्रायव्हर धुक्यात गाडी चालवतात.

७. क्लबाचे अध्यक्ष रॉडरिक फेन यांस, एक बरणी लाल धूळ. २०१९ च्या प्रदर्शनात यांनी माझ्या गुरांच्या ट्रेलरचे दोन गुण कापले आणि कागदावर लिहिले, 'चिखलाचा रंग अतिरंजित'. रॉडरिक ॲडलेडच्या उपनगरात वाढले आहेत आणि त्यांच्या मते धूळ करडी असते. बरणीतली धूळ मी स्वतः हमरस्त्यावरून, उत्तरेकडे शंभर किलोमीटरवर, गुडघ्यांवर बसून भरली आहे. झाकण उघडून पाहावी. परत करू नये.

८. लेन शोल्झ यास काहीही नाही. हे विसरून झालेले नाही. लेन हा माझा सगळ्यात जवळचा मित्र आहे, म्हणजे दर दुसऱ्या गुरुवारी तो खिमा भरलेले दोन मीट पाय घेऊन येतो, एक खातो आणि माझ्या कामातल्या चुका काढतो. मी साच्यात ओतून केलेल्या, ट्रकच्या झोपायच्या छोट्या केबिनींवर त्याचा डोळा आहे. म्हणूनच मी त्याला साक्षीदार नेमले आहे. साक्षीदाराला काही मिळू नये हे बरे, असे मिस हार्टनेट म्हणाल्या, तेव्हा हे मृत्युपत्र लिहिताना पहिल्यांदाच मला आनंद झाला. त्याने काय केले ते पुढच्या कलमात आहे.

दुसरा साक्षीदार मिळणे कठीण गेले. माझ्या ओळखीच्या माणसांपैकी ज्यांना काही द्यायचे नाही आणि ज्यांचा मला रागही नाही, असे कोणी उरत नव्हते. शेवटी टपालवाली कोलीन डफी हिला विचारले. एकोणीस वर्षे ती माझी खोकी आणते. ती म्हणाली, "मला वाटलं होतं तू खेळण्यांचं दुकान चालवतेस."

९. डोरिस. शेडमधल्या काचपेटीत एकास पंचवीस मापाचा, म्हणजे खऱ्याच्या पंचविसाव्या हिश्शाचा, लांब नाकाचा, गडद हिरवा ट्रक आहे, मागे तीन ट्रेलर. आमच्याकडे याला रोड ट्रेन म्हणतात. कपाळावर पिवळ्या अक्षरात 'डोरिस मे'. हा ट्रेव्हरच्या खऱ्या ट्रकवरून केला आहे. खरा त्याने घेतला, त्याला आईचे नाव दिले आणि नऊ वर्षे उत्तरेला डार्विनपर्यंत चालवला. ही माझी सर्वांत मोलाची वस्तू आहे आणि मी ती ट्रेव्हरला देते. ती घरातही घेऊ नये असे त्याला का वाटू शकते, ते लिहून ठेवणे मला भाग आहे.

२०१४ च्या मार्चमधल्या एका रविवारी त्याने मला ट्रक मोजू दिला. मी मोजपट्टी, टॉर्च आणि कॅमेरा घेऊन दिवसभर त्याच्या अंगणात होते, अर्धा वेळ ट्रकच्या पोटाखाली पाठीवर झोपून. तो मधून मधून येऊन चहाचा मग जमिनीवर ठेवून जायचा.

"बारके, चहा."

"थांब, मी चेसिसमध्ये आहे."

"आईनं तुझं नाव रेलीन ठेवलं, जॅक ठेवायला हवं होतं."

खालच्या बाजूला, ट्रेलर अडकवायच्या चकतीच्या मागे, चेसिसच्या, म्हणजे ट्रकच्या सांगाड्याच्या, तुळईवर मला एक लोखंडी पट्टी दिसली. हातभर लांब, चारी बाजूंनी वेल्ड केलेली, वेल्डिंग घरगुती, ओबडधोबड. असा तपशील कोणत्याही खोक्यात मिळत नाही. मी त्याचे नऊ फोटो काढले. घरी येऊन पाव मिलिमीटरच्या प्लास्टिकमधून पट्टी कापली, मेणबत्तीवर ताणलेल्या प्लास्टिकच्या धाग्याचे वेल्डिंग केले, त्याला गंजाचा रंग दिला. तीन संध्याकाळी त्यात गेल्या. इतकी सुखी मी पुन्हा झालेली नाही.

आमच्या प्रदर्शनात एक रीत आहे. ज्याने ट्रकचे पोट नीट केलेले नाही तो ट्रक टेबलावर ठेवतो. ज्याने केले आहे तो आरशावर ठेवतो, म्हणजे परीक्षकांना न उचलता खालचे दिसावे. आरसा ठेवणे म्हणजे छाती पुढे काढणे. मी अर्थात आरसा ठेवला. त्या जूनमध्ये परीक्षक होता लेन शोल्झ. त्याने टॉर्च घेतला, वाकला, आणि पट्टीपाशी थांबला.

"ही पट्टी तू मनानं घातलीस की खऱ्या गाडीत आहे?"

मनाने! जिच्यात मी तीन संध्याकाळी घातल्या त्या पट्टीला हा माणूस मनाची म्हणत होता. मी पिशवीतून नऊच्या नऊ फोटो काढून त्याच्यासमोर मांडले.

"माझ्या ट्रकात मनाचं काही नसतं, लेन. नंबरप्लेटसुद्धा बघ."

त्याने नंबरप्लेट बघितली. मला पहिले बक्षीस दिले. आणि सोमवारी सकाळी तो कामावर गेला. लेनचे काम तेव्हा अवजड वाहनांच्या तपासणीचे होते. हे मला माहीत होते. क्लबात सगळ्यांना माहीत होते. तरी त्या क्षणी माझ्या डोक्यात गुण होते, लेनची नोकरी नव्हती.

बुधवारी ट्रेव्हरला रस्त्यावर थांबवले. पट्टी काढायला लावली. तिच्याखाली तुळईला तीन बोटे भेग होती. तसली तुळई वेल्ड करायची नसतेच. उष्णतेने ती शेजारून आणखी कमजोर होते. ट्रक जागच्या जागी बंद केला. ट्रेव्हरच्या फेऱ्या दुसऱ्याला गेल्या आणि पुढच्या महिन्यात त्याने डोरिस विकली, सुट्या भागांसाठी. मग तो याच स्वयंपाकघरात आला, बसला नाही.

"तू त्याला फोटो दाखवलेस?"

"त्यानं विचारलं, मनानं केलंयस का. मी काय सांगणार?"

"हो म्हणायचं. एक शब्द. 'हो, मनानं केलंय.'"

"पण ते खरं नव्हतं, ट्रेव्ह."

"बक्षीस कितवं?"

"पहिलं."

"अभिनंदन," तो म्हणाला आणि मागच्या दाराला लाथ मारून गेला.

लेन आजही म्हणतो, "आणखी हजार किलोमीटर आणि ती तुळई गेली असती. मागे शंभर टनांच्या वर माल. तुझा भाऊ जिवंत आहे तो तुझ्या आरशामुळे." त्याचे म्हणणे बरोबर आहे. बरोबर असणे ही लेनची जुनी खोड आहे आणि ती मी त्याला माफ केलेली नाही. पण मी स्वतः इतकी वर्षे तेच वाक्य उशाशी घेऊन झोपले आहे. मी खरे तेच केले. मी त्याचा जीव वाचवला. चूक झाली असेल तर ट्रेव्हरची. २०१४ च्या त्या दोन पानांत हेच लिहिले होते, उत्तम शब्दांत.

१०. कलम तीनमधली जागा भरण्याविषयी. हे कलम चार दिवसांनंतर लिहीत आहे.

पत्त्याशिवाय मृत्युपत्र अपुरे, असे मिस हार्टनेट यांनी बजावले, म्हणून रविवारी दुपारी मी सेडुनाला फोन लावला. नंबर लेनने शोधून दिला. तो अजून माणसे शोधू शकतो. मागे टीव्हीवर फुटबॉल चालला होता.

"ट्रेव्ह, मी रेलीन."

फुटबॉल बंद झाला.

"कोण मेलं?"

"अजून कोणी नाही. तुझा पत्ता हवाय."

"कशाला?"

"मृत्युपत्रात घालायला."

"कोणाच्या?"

"माझ्या. दुसऱ्यांची मी लिहीत नाही."

त्याने पत्ता सांगितला, घर क्रमांकापासून पिनकोडपर्यंत, सावकाश, पोलिसाला सांगावा तसा. सेडुनात तो नगरपालिकेचा पाण्याचा टँकर चालवतो, हेही सांगितले. मी लिहून घेतले. फोन तिथेच ठेवून द्यायचा होता. पण मी म्हणाले, "घर तुला देतेय. आणि डोरिस. माझ्याकडची."

"तिचा बुलबार चुकलाय," ट्रेव्हर म्हणाला.

बुलबार म्हणजे ट्रकच्या नाकापुढचा जाड नळ्यांचा कठडा, जनावर आडवे आले तर. तो मी पितळी नळीतून वाकवून, जोडून, झिलई देऊन केला होता.

"काही चुकलेला नाही. माझ्याकडे फोटो आहेत."

"डावी बाजू. तू सरळ केलीयस. माझी आत गेली होती. ग्लेंडॅम्बोच्या अलीकडे गाय आडवी आली."

"कधी?"

"मे महिन्यात. तुझ्या फोटोंनंतर. प्रदर्शनाच्या आधी."

"पण तू माझा ट्रक पाहिलास कुठे? प्रदर्शनाला तर आला नव्हतास."

"लायब्ररीत. महिनाभर ठेवला होता ना त्यांनी काचेत. मी सेडुनाला निघायच्या आदल्या दिवशी गेलो. तासभर उभा होतो. तिथली बाई विचारायला आली, काही शोधताय का. म्हटलं नाही, हा माझाच आहे."

मी नेहमी करते तेच केले. तक्रार केली.

"गाईचं मला सांगितलं नाहीस."

"तू विचारलं नाहीस. तीन बरगड्या मोडल्या होत्या माझ्या, बारके. पंधरा दिवस खुर्चीत बसून झोपलो. त्या पंधरा दिवसांत तू चार वेळा फोन केलास. बाजूच्या दिव्यांच्या काचा नारिंगी की पिवळ्या. चाकामागच्या रबरावर अक्षरं केवढी. शिडीला पायऱ्या तीन की चार. मी सगळं सांगितलं. तू थँक्यू म्हणालीस आणि ठेवलास."

"ट्रेव्ह..."

"थांब, बोलू दे. ती पट्टी. तू पाठीवर झोपून बघितलीस, फोटो काढलेस. बाहेर आलीस, धूळ झटकलीस, थंड चहा प्यालीस आणि एक शब्द बोलली नाहीस. 'ट्रेव्ह, हे काय जोडलंयस?' एवढंच. एवढं विचारलं असतंस तर मी सांगितलं असतं. मला त्या पट्टीची भीती वाटत होती. प्रत्येक खड्ड्याला वाटायची."

"मला वाटलं, तुला माहीत असेल."

"मला माहीतच होतं. मला कोणीतरी विचारायला हवं होतं."

मी पत्त्याचा कागद घडी घालून पुन्हा उलगडला. शेवटी तो म्हणाला, "मृत्युपत्र कशाला? काय झालंय?"

"फुप्फुस. नऊ तारखेला ॲडलेडला कापणार आहेत."

"जाणार कशी?"

"बसनं."

"हं," ट्रेव्हर म्हणाला, आणि फोन ठेवला.

त्यानंतर मी शेडमध्ये जाऊन त्या मार्चमधल्या रविवारचे सगळे फोटो बाहेर काढून पाहिले. एकशे एकोणचाळीस आहेत. चाके आहेत, नटबोल्ट आहेत, रंगाचे पापुद्रे आहेत, पट्टी नऊ वेळा आहे. ट्रेव्हर एकाही फोटोत नाही. एकात त्याचे बूट आले होते, शेजारी चहाचा मग. तो फोटो मी कडेने कातरला आहे, कारण बूट चाकाच्या आड येत होते.

पट्टी दिसली तेव्हा माझ्या मनात पहिला विचार कोणता आला होता, तेही लिहून ठेवते, कारण या कागदावर खोटे लिहायचे नसते. पाव मिलिमीटरचे प्लास्टिक पुरेल का, हा. दुसरा विचार आलाच नाही.

११. वरील कारणाने पुढील बदल करते. प्रत्येक बदलाशेजारी माझी छोटी सही आहे.

अ) कलम तीनमधल्या जागेत पत्ता मावला नाही, म्हणून तो सोबत जोडलेल्या कागदावर आहे.

आ) कलम तीनमधली काचपेटीसमोर उभे राहण्याची अट काढून टाकते. ती अकरा वर्षांपूर्वीच पुरी झाली, आणि पन्नास मिनिटे जास्त.

इ) डोरिसचा बुलबार मी काल चिमट्याने काढला. जुना गोंद सहज सुटला. नवा करण्याइतकी पितळी नळी आहे, पण डावी बाजू किती आत गेली होती ते मला माहीत नाही. म्हणून तिचे नाक तूर्त उघडे आहे. क्लबातल्या कोणीही, विशेषतः लेनने, ते अंदाजाने भरू नये.

ई) हे मृत्युपत्र अमलात आणण्याचे काम ट्रेव्हरने करावे. त्याने नाही म्हटले तर मिस हार्टनेट यांनी. इस्पितळाच्या फॉर्मवरच्या ओळीत मी त्याचे नाव लिहिले आहे. त्याची परवानगी घेतलेली नाही.

उ) आज सकाळी, साक्षीदार यायच्या आधी, मी सेडुनाला पुन्हा फोन लावला. बुलबारचे विचारणार होते. किती इंच, कोणत्या नळीपासून, कागदावर लिहूनही ठेवले होते. फोन वाजत राहिला आणि मग निरोप ठेवा असे यंत्राने सांगितले. मी तो कागद उलटा केला. म्हणाले, "ट्रेव्ह, मी आहे. तुझ्या बरगड्या आता कशा आहेत?" आणखी काही सांगायचे होते, पण यंत्र थांबले नव्हते तरी माझा श्वास संपला.

वरचे सगळे मी वाचून पाहिले आहे. ते माझे आहे, आणि माझ्या इच्छेचे आहे.

सही: रेलीन जॉय पॅस्को

आम्ही खाली सह्या करणारे दोघे एकाच वेळी या स्वयंपाकघरात हजर होतो. रेलीन पॅस्को हिने आमच्यासमोर सही केली, आणि तिच्यासमोर व एकमेकांसमोर आम्ही केली. यातून आम्हाला काहीही मिळणार नाही, हे आम्हाला स्पष्ट, आणि एकाला दोनदा, सांगण्यात आले. सहीच्या वेळी तिची शुद्ध व समज पूर्ण होती. फोन टेबलावर तिच्या हाताशी होता. सह्या होईपर्यंत कोणताही व्यत्यय आला नाही.

साक्षीदार १: लेनर्ड शोल्झ, निवृत्त, पोर्ट ऑगस्टा

साक्षीदार २: कोलीन डफी, टपाल वाटप, पोर्ट ऑगस्टा

स्थळ: पोर्ट ऑगस्टा
दिनांक: २२ ऑगस्ट २०२५, शुक्रवार